फक्त लिहिणाऱ्याला दिसेल

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ तर नाहीच — आणि ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, ते ऐकायला उरले नाहीत. दोनदा तोंड उघडलं होतं. एकदा वेंगुर्ल्याच्या बाजारात मासे घेताना मैत्रिणीपाशी, आणि एकदा माझ्या ऑपरेशनच्या सकाळी नवऱ्यापाशी, म्हटलं काही बरं-वाईट झालं तर. दोन्ही वेळा भलतंच काहीतरी बोलून गेले. विषय बदलण्यात माझा हात कोणी धरणार नाही, पोटापाण्याचा उद्योगच आहे तो.

उद्योग कसला ते सांगते, कारण गावात अजून कोणाला तो नीट कळलेला नाही. मोठ्या कंपन्यांमधून निवृत्त झालेली, नोकरी सोडून गेलेली माणसं असतात. त्यांना कंपनीशी धरून ठेवायचं. त्यांचा समूह करायचा, वाढदिवस लक्षात ठेवायचे, जुने फोटो टाकायचे, वर्षाकाठी मेळावा घ्यायचा. बाहेर पडलेला माणूस कंपनीबद्दल चांगलं बोलला की कंपनीला बरं असतं, इतकं साधं आहे ते. माझ्या कार्डावर कम्युनिटी मॅनेजर असं भारदस्त नाव आहे. आई शेजारणींना सांगते, ‘आमचा चेडू माणसां जोडता.’ चेडू म्हणजे मुलगी.

या कामात मी पुष्कळ फिरले. फरशा बनवणाऱ्या एका कंपनीत सुरुवात केली, मग एका बँकेच्या निवृत्तांचा समूह, मग कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचा, मग सॉफ्टवेअरवाल्यांचा. आता वेंगुर्ल्याला घरी बसून तीन कंपन्यांचं काम बघते. तरुण मुलींना शिकवायलाही बोलावतात — समूहात आपुलकी कशी रुजवावी, यावर मी तासभर बोलते. लोक वहीत लिहून घेतात. मला आतून शिसारी येते, पण मी बोलणं थांबवत नाही.

बघा, पुन्हा लांबण लावली. वसंतकाकांबद्दल सांगायचं होतं.

वसंतकाका आमच्याच वाडीतले. ठाण्याकडे त्या फरशांच्या कारखान्यात त्यांनी सगळा जन्म काढला, दगड दळायच्या खात्यात. आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच असेल — एक माणूस नोकरीला चिकटला की मेहुण्याला नेतो, मेहुणा शेजाऱ्याला नेतो. त्या खात्यात काकांनी आणि त्यांच्या जोडीदारांनी अख्खा जिल्हा भरला होता. वेंगुर्ल्याचे, रेडीचे, जामसंड्याचे, कुडाळकडचे. तिथे म्हणे मुकादमसुद्धा मालवणीतच शिव्या घालायचा. पुढे मी बी.ए. होऊन घरी बसले होते तेव्हा, निवृत्तीला वर्ष-दीड वर्ष राहिलेलं असताना, काका माझा अर्ज हातात घेऊन तिथल्या ऑफिसात तीन वेळा गेले. तिसऱ्या वेळी साहेब वैतागून म्हणाले, पाठवा तुमच्या पुतणीला. मी त्यांची पुतणी नव्हते. काकांनी ते दुरुस्त केलं नाही. माझी पहिली नोकरी ती अशी.

कंपनीने माजी कामगारांचा समूह काढायचं ठरवलं तेव्हा काम माझ्याकडे आलं, त्याचं कारणही काकाच म्हणायचे. माझा साहेब बाहेरच्या राज्यातला, त्याला मराठीचं अक्षर कळायचं नाही. कामगार निम्मेअधिक आमच्या भागातले, लिहिणार ते मालवणीत. तेव्हा ही मुलगी उपयोगाची, असा हिशेब. उपयोगाची मी झालेच.

त्या खात्यातल्या लोकांचा आधीपासून व्हॉट्सअ‍ॅपवर एक गट होता. काका चालवायचे. सकाळी गणपतीचा फोटो, कोणाच्या मुलीचं लग्न, कोणाच्या काजूला मोहर आला, एवढंच. मला मात्र तो गट डोळ्यांत खुपत होता, कारण तो चालू असेपर्यंत माणसं कंपनीच्या अ‍ॅपवर येईनात. मी काकांना फोन केला. म्हटलं, काका, दोन दोन घरं कशाला, सगळे एका छपराखाली येऊया, तिथे कंपनीची माणसंही असतील, तुमची गाऱ्हाणी थेट वर जातील. थेट वर! हे शब्द माझे. काकांनी एकेकाला फोन करून अ‍ॅप घ्यायला लावलं, ज्यांना जमत नव्हतं त्यांना मुलांकडून करून घ्यायला सांगितलं, आणि महिन्याभरात स्वतःचा गट बंद केला. त्यात ज्यांचे नंबर होते ते तिथेच राहिले. निवृत्त माणसं नंबर कुठे जपून ठेवतात? काकांचा फोन त्याच वर्षी विहिरीत पडला.

साहेबाने माझं कौतुक केलं. मलाही माझं कौतुकच वाटत होतं.

मेळावा दहा दिवसांवर आला असताना रेडीच्या एका माणसाने समूहावर लिहिलं — दगड दळायच्या खात्यातल्या कोणाला सुका खोकला आहे का, मला डॉक्टर वेगळंच काही सांगतात. साहेबाने तो मजकूर मला पाठवला आणि पुढे फक्त प्रश्नचिन्ह. त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून विचारत होता. त्या वेळी मी काय उत्तर द्यायला हवं होतं? एक माणूस आजारी आहे आणि सोबतच्यांची चौकशी करतोय, एवढंच. मी लिहिलं — काही विशेष नाही, म्हाताऱ्यांची कुरकुर, मी बघते.

मला कोणी सांगितलं नव्हतं हो. हे नीट ऐका, कारण इथे माझ्यासारखी माणसं नेहमी म्हणतात की वरून हुकूम होता. हुकूम नव्हता. प्रश्नचिन्ह होतं फक्त.

त्या अ‍ॅपमध्ये एक सोय होती. शब्दांची यादी द्यायची, तो शब्द ज्या मजकुरात येईल तो आपोआप बाजूला पडतो. इंग्रजी यादी आधीच भरलेली होती — शिव्या, वकील, संप, धूळ, आजार. मराठीचा रकाना रिकामा. बाजूला पडलेल्या मजकुराचं काय करायचं, त्याला तीन पर्याय. दाखवा. काढून टाका. आणि तिसरा — फक्त लिहिणाऱ्याला दिसेल. काढून टाकलं तर माणसाला कळतं, तो भांडायला येतो. तिसऱ्यात काहीच कळत नाही. त्याला आपलं लिहिलेलं जागच्या जागी दिसत राहतं, बाकी कोणाला दिसत नाही. मला तो पर्याय सगळ्यात सभ्य वाटला. कोणाचं मन दुखत नाही, असं वाटलं. खरंच वाटलं.

दुपारचा चहा टेबलावर होता आणि मी यादी करायला बसले. खोकला. दम. छाती. मग थांबले — ही माणसं असं थोडंच लिहिणार आहेत? खोकलो. खोकल्याक. धाप. धुरळो. आमच्या घरात आजारपणाबद्दल कसं बोलतात ते आठवून आठवून लिहीत गेले. माझे बाबा कसं म्हणायचे, काकी कशा म्हणतात. मग तेच सगळे शब्द इंग्रजी लिपीत, कारण बरेच जण तसं टाइप करतात. पुण्या-मुंबईच्या कोणालाही ती यादी करता आली नसती. पूर्ण झाली तेव्हा मला — कसं सांगू — काम चोख झाल्याचं समाधान वाटलं. रेडीच्या माणसाचा मजकूर, कोणी वाचायच्या आत, त्यात पहिला बाजूला पडला. चहा निवला होता, तरी प्यायले.

मेळावा छान झाला. कोणी खोकल्याचं नाव काढलं नाही, म्हणजे समूहावर. काका प्रवास झेपत नाही म्हणून आले नव्हते.

त्यानंतर तीन आठवड्यांनी बाजूला पडलेल्या मजकुरांत काकांचं नाव दिसलं. शब्द न शब्द पाठ आहे माझा. ‘दगड दळूच्या खात्यातल्या सगळ्यांका नमस्कार. माका गेली दोन वर्सां खोकलो आसा. चढ चढताना धाप लागता. आणखी कोणाक असा होता काय? कळवा. वाट बघतंय. वसंत.’

एक बटण दाबायचं होतं. दाखवा. मी ते दाबलं नाही. का? रेडीच्या माणसाचं अडवलं आणि ओळखीच्याचं सोडलं, हे बरं दिसणार नाही, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर मला भीती वाटली. काकांचा मजकूर दिसला की पाठोपाठ दहा जण लिहितील, साहेब पुन्हा प्रश्नचिन्ह पाठवेल, आणि या वेळी मला खरं भाषांतर करून द्यावं लागेल. बढतीचं बोलणं चालू होतं. म्हणून मी काय केलं, तर कंपनीच्या खात्यावरून काकांना खासगी निरोप पाठवला. ‘आम्ही सदैव आपल्या सोबत आहोत. काळजी घ्या.’ आणि एक लाल बदाम.

काकींनी नंतर मला सांगितलं, तो निरोप त्यांनी चार जणांना दाखवला होता.

पुढल्या वर्षभरात त्याच खात्यातल्या आणखी पाच जणांनी तेच विचारलं. वेगवेगळ्या महिन्यांत, वेगवेगळ्या गावांतून, जवळजवळ त्याच शब्दांत. प्रत्येकाला आपलं लिहिणं दिसत होतं आणि त्याखाली कोणाचंही उत्तर दिसत नव्हतं. सात माणसं एकच प्रश्न विचारत होती आणि सातही जणांना वाटत होतं की विचारणारा मी एकटाच. सगळ्यांचे सात मजकूर एका पानावर बघणारी जगात एकटी मी होते.

मे महिन्यात मी घरी आले तेव्हा काकांना भेटायला गेले. आंबे घेऊन गेले होते, देवगडचे, पेटी. काका घरापुढच्या खळ्यात खुर्ची टाकून बसले होते. अर्धे झाले होते. गळ्याखालचा खड्डा श्वासागणिक आत जाई. डॉक्टरांनी क्षयाची औषधं सुरू केली होती, आठ महिने घेऊन उतार नव्हता. काकींनी मला आत स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं — डॉक्टरांनी विचारलं होतं, कारखान्यात सोबत काम करणाऱ्यांपैकी कोणाला असं आहे का? तसं असेल तर आपण वेगळ्या दिशेने बघू. आणि काकांनी ठामपणे नाही म्हणून सांगितलं. सगळ्यांना विचारून झालंय, कोणालाच नाही.

मी भिंतीला टेकले. काकी म्हणाल्या, उकाड्यानं झालं असेल, सरबत घे. मी सरबत प्यायले.

बाहेर आल्यावर काकांनी फोन काढला आणि आपला मजकूर मला दाखवला. जपून ठेवलेल्या पत्रासारखा. म्हणाले, “बघ गो चेडवा. इतकी वर्सां एका पाळयेक काम केलंव. एकान सुदिक विचारूक नाय, वसंता कसो आसस म्हणान.”

मी म्हटलं, “माणसां कामात आसतत काका.”

“निवृत्त माणसांक कसला काम?”

 मग म्हटलं, सदाकाकांना फोन करा ना. सदाकाका म्हणजे जामसंड्याचे, काकांचे पाळीतले जोडीदार, एका डब्यात जेवलेले. नंबर मी मिळवून देते म्हटलं — तो मला खरंच मिळवता आला असता, माझ्या यादीत होता. काकांनी मान हलवली. “वाचून गप्प रवले ते. आता मी कित्याक फोन करू?”

आमची माणसं अशी मानी. तुम्ही ओळखता त्यांना. मीही ओळखत होते, आणि काका फोन करणार नाहीत हे कळल्यावर मला — सांगूनच टाकते — हायसं वाटलं. काकांच्या समोर बसून, त्यांच्या घरचं सरबत पोटात असताना, हायसं वाटलं. बाकी सगळं एका बाजूला ठेवलं तरी ती घटकाभराची सुटका मला पुरून उरते.

त्या दिवशी घरी परतून मी लॅपटॉप उघडला होता. काकांचा मजकूर समोर होता, बटणही होतं. वर्षापूर्वीचा मजकूर आज अचानक सगळ्यांना दिसला तर लोक तारीख बघतील, विचारतील, असं मनात आलं. लॅपटॉप मिटला.

काका नवरात्राच्या आधी गेले. शेवटचे दोन महिने मुंबईला नेलं होतं, तिथे खरं निदान झालं — फुप्फुसात दगडाची भुकटी बसलेली. आधी कळलं असतं तर वाचले असते का? मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, तो आजार बरा होत नाही. पण नको ती औषधं पोटात गेली नसती, श्वासाला थोडा आराम मिळाला असता, असंही म्हणाले. आणि डॉक्टरांचं सोडा. आपण ज्यांच्यासोबत जन्म काढला त्यांनी आपल्याला वाऱ्यावर सोडलं, हे मनात घेऊन ते गेले. त्यावर तर औषध माझ्याच हातात होतं.

बाराव्याला सदाकाका आले. जामसंड्याहून एस.टी.ने, दोन गाड्या बदलून. मी पंगतीला पाणी वाढत होते. त्यांना मी ओळखलं ते खोकल्यावरून — पायरीवर उभे राहून, खांब धरून, तोंडावर रुमाल. बसल्यावर ते रडायला लागले, आणि मग रागाने बोलू लागले. काकींनाच म्हणाले, “वसंता इतको आजारी होतो आणि माका कळवूक नाय? मी काय परको होतंय? माका पण ह्योच खोकलो आसा. मी थंय लिवलंय, तेणा पण वाचून उत्तर देवूक नाय.”

 काकींना वाटलं असेल की म्हातारा दुःखाने काहीही बोलतोय. दोघांच्या मध्ये तांब्या घेऊन मी उभी होते. एक वाक्य पुरलं असतं. “काकांनी आणि तुम्ही, दोघांनीही लिहिलं होतं, मी दाखवलं नाही.” एवढंच. मी सदाकाकांच्या पेल्यात पाणी ओतलं आणि पुढच्या पानाकडे गेले.

त्यानंतर चार महिन्यांनी मी ती कंपनी सोडली. बँकेच्या मुलाखतीत विचारलं, समूहात नाराजीचा सूर निघाला तर कसा हाताळता? मी सांगितलं, स्थानिक भाषेची यादी कशी केली ते. नावं न घेता, हसतमुखाने. त्यांना फार आवडलं. तिथून पुढची प्रत्येक नोकरी मला त्या यादीने दिली, असं म्हटलं तरी चालेल. यादीतले शब्द बदलत गेले, रीत तीच. आणि फरशांच्या कंपनीतली मूळ यादी मी माझ्या जागी आलेल्या मुलीला देऊन आले. तिला मालवणी येत नाही. त्या शब्दांचा अर्थ तिला ठाऊक नसणार, आणि न कळणाऱ्या शब्दांना ऑफिसात कोणी हात लावत नाही.

गेल्या सोमवारी सदाकाकांचा फोन आला. माझा नंबर काकींकडून घेतला म्हणाले. दोन शब्द बोलून थांबत होते, मध्ये श्वास घेत होते. रेडीच्या त्या माणसाबद्दल त्यांना कुठून तरी उडत उडत कळलं होतं — तोही गेला म्हणून, तसाच. आता त्यांच्या मनात आलंय की हा खात्याचाच आजार असावा. उरलेल्यांना एकदा नीट विचारावं, सगळ्यांनी मिळून डॉक्टरकडे जावं, कंपनीकडेही जावं. माझी त्या समूहात ओळख होती, म्हणून मी तिथे सगळ्यांना विचारीन का?

मी म्हटलं, ती कंपनी मी कधीच सोडली काका. हे खरं आहे.

“बरा तर मग,” ते म्हणाले. “मीच लिवतंय परत. मागच्या वेळी थोडक्यात लिवललंय, लोकांका समजला नसतला. आता सगळा सविस्तर लिवतंय. खोकलो कधीपासून, धाप कशी लागता, सगळा.”

मला सगळं माहीत होतं. उरलेल्यांपैकी कोण कुठल्या गावात आहे ते माहीत होतं, नंबर माझ्या जुन्या वहीत आहेत, वही कपाटात आहे, आणि कपाट मी बोलत होते तिथून चार पावलांवर होतं. सदाकाका वाट बघत होते. त्यांना वाटलं असेल मी विचार करतेय.

“लिवा काका,” मी म्हटलं. “सविस्तर लिवा.”